गाडी पाऊण तासात, माहिती दोन तासांनी: सॅप आणि क्लाउड जोडण्याचे अकरा महिने

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील आमच्या फाउंड्रीतून निघालेली गाडी कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील आमच्याच मशीन शॉपमध्ये, रस्ता मोकळा असेल तर, पाऊण तासात पोहोचते. त्या गाडीत कोणते कास्टिंग (ओतीव भाग) आहे, ते कोणत्या हीटचे, म्हणजे भट्टीतल्या कोणत्या खेपेचे आहे आणि नग किती आहेत, ही माहिती मात्र सॅप या आमच्या व्यवहार-नोंदींच्या संगणक प्रणालीतून दर दोन तासांनी तयार होणाऱ्या फाइलीतून तिकडे जात असे. माल आधी आणि त्याची ओळख नंतर, हा क्रम आमच्याकडे कित्येक वर्षे चालू होता. आवक विभागातील कारकून गाडी उभी करून शिरोलीला फोन लावत, डिस्पॅचचे काका चलनावरचे आकडे वाचून दाखवत आणि ते वहीत उतरवून काम पुढे सरकत असे. एप्रिल २०२४ मध्ये फोनवर ऐकताना हीट नंबरातला एक आकडा चुकला, भलत्याच हीटचे नग मशीनवर चढले आणि ते शोधून वेगळे काढण्यात दीड दिवस गेला. हे काम हाती घेण्याचे खरे कारण तो दीड दिवस आहे.

मी या समूहाच्या संगणक विभागात काम करते. विभागात माझ्यासह दोनच माणसे आहेत. आमचे सॅप ईसीसी (सॅपची जुनी पिढी) शिरोलीतील स्वतःच्या सर्व्हरवर चालते, तर कागलच्या मशीन शॉपची प्रणाली वेगळी आणि त्याहून जुनी आहे. इव्हेंट (घडलेली गोष्ट), टॉपिक (तिचा संदेश जिथे टाकला जातो ती जागा), सबस्क्रिप्शन (तिथले संदेश घेणाऱ्याची नोंदणी) हे शब्द मी वाचलेले होते, पण अशी एकही जोडणी स्वतः केलेली नव्हती. त्याच ठिकाणी आज कोणी उभे असेल तर त्याला वाट थोडी ओळखीची वाटावी, म्हणून तारखा, खर्च आणि झालेल्या चुका यांसह हे लिहीत आहे.

१० जून २०२४ रोजी, सोमवारी, संचालकांसमोर पहिली बैठक झाली. फाइल दोन तासांऐवजी दर दहा मिनिटांनी पाठवावी, असा सोपा उपाय तिथे सर्वांनाच सुचला आणि खरे सांगायचे तर सुरुवातीला मीही त्याच बाजूची होते. अडचण अशी की ती फाइल फक्त सध्याची यादी सांगते, काय घडले ते सांगत नाही. डिस्पॅचने सॅपच्या व्हीएल०९ या पडद्यातून एखादी जावक रद्द केली, तर पुढच्या फाइलीत ती ओळ नुसती दिसेनाशी होते आणि ती का गेली हे कागलला कळण्याचा मार्ग उरत नाही. संचालकांनी दुसरा रास्त प्रश्न विचारला, की सॅप ईसीसीची मुख्य देखभाल २०२७ च्या अखेरीस संपणार असताना आता त्यावर खर्च कशासाठी करायचा. मी उत्तर दिले, की घेणारी बाजू सॅपवर नव्हे, तर आपण ठरवलेल्या संदेशाच्या मसुद्यावर अवलंबून राहील, म्हणजे उद्या एस/४हाना, म्हणजे सॅपची नवी पिढी, आले तरी पाठवणारी बाजू तेवढी बदलेल आणि कागलला हात लावावा लागणार नाही. या उत्तरावर २४ जूनला तत्त्वतः मंजुरी मिळाली.

क्लाउडवरील संदेशसेवा म्हणून आम्ही गूगल क्लाउडची पब/सब निवडली. गूगलने सॅपसाठी तयार केलेला एबॅप एसडीके, म्हणजे सॅपच्या एबॅप या भाषेसाठीचा तयार साधनसंच, विनामूल्य मिळतो आणि ट्रान्सपोर्टच्या (सॅपमध्ये बदल नेण्याच्या गठ्ठ्याच्या) रूपाने आपल्या सॅपमध्ये घेता येतो. शिवाय आमच्या गेटपासच्या छोट्या ॲपची मांडणी त्याच क्लाउडवर होती. ज्यांच्याकडे मायक्रोसॉफ्टच्या सेवा आधीपासून आहेत त्यांना ॲझ्युअर सर्व्हिस बस जवळची वाटेल. हाताशी असलेल्या माणसांना जे येते ते घ्यावे, या एका कसोटीवर मी निवड केली आणि आजही माझे मत तेच आहे.

जुलै महिना कागदपत्रांत गेला. आमच्या लेखा विभागात रक्कम निश्चित असल्याशिवाय खरेदी आदेश निघत नाही, आणि क्लाउडचे बिल तर वापरावर ठरते. अखेर वर्षाला ६०,००० रुपयांची कमाल मर्यादा घालून खुला आदेश काढावा आणि दरमहा प्रत्यक्ष बिल त्यात वळते करावे, असा तोडगा निघाला. इथे एक खबरदारी हवी: क्लाउडवर लावलेली अंदाजपत्रकाची सूचना फक्त इशारा देते, खर्च आपोआप थांबवत नाही, हे वित्तप्रमुखांना आधीच लेखी कळवावे. कंपनीचे कार्ड जोडताना बँकेकडून मंजुरी यायला ११ दिवस लागले. १५,००० रुपयांपेक्षा मोठ्या आवर्ती रकमेला दर वेळी वेगळी संमती द्यावी लागते, हे रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे आहे, त्यामुळे मासिक बिल त्याखाली राहील हे पाहणे सोयीचे पडते. जीएसटी क्रमांक खाते उघडतानाच भरावा, नाहीतर पहिल्या बिलाच्या इनपुट क्रेडिटसाठी पत्रव्यवहार करावा लागतो.

लेखापरीक्षकांनी आमची माहिती नेमकी कुठे साठणार असे विचारले. पब/सबचा टॉपिक मुळात जागतिक असतो. मात्र त्यावर संदेश साठवण्याचे धोरण लावून साठवण एका विभागापुरती मर्यादित ठेवता येते. आम्ही ती मुंबई विभागापुरती ठेवली आणि त्या पडद्याची छापील प्रत नस्तीत लावली. चालकाचा मोबाइल क्रमांक संदेशात घालायचा मूळ विचार होता, तो २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा वाचल्यावर सोडून दिला. कागलला गाडीचा क्रमांक पुरतो.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि जोडणीचे काम सुरू होण्याआधीच थांबले. ते दिवस तांत्रिकदृष्ट्या वाया गेले नाहीत. कागलकडची बाजू चार दिवस बंद राहिली तर संदेशांचे काय होईल, हा प्रश्न पाणी पाहतानाच मनात आला. सबस्क्रिप्शनमध्ये न उचललेले संदेश मुळात ७ दिवस राहतात. ती मुदत कमी करण्याचा सल्ला मला मिळाला होता, तो मी घेतला नाही.

५ ऑगस्टला प्रत्यक्ष जोडणी सुरू झाली. फायरवॉलमधून बाहेर जाणारी वाट फक्त लागणाऱ्या पत्त्यांपुरती उघडली. सॅपच्या स्ट्रस्ट या पडद्यात गूगलची मूळ प्रमाणपत्रे घेतली, एसएम५९ या पडद्यात जोडणीच्या नोंदी केल्या आणि एसएमआयसीएममधून आयसीएम, म्हणजे सॅपचा इंटरनेटशी बोलणारा भाग, पुन्हा सुरू केले. हे शेवटचे पाऊल राहिले तर नवे प्रमाणपत्र घेऊनही जुनीच चूक दिसत राहते. माझी एक दुपार त्यात गेली. सर्व्हिस अकाउंटला, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्राम वापरतो त्या क्लाउडवरील खात्याला, फक्त त्या एका टॉपिकवर प्रकाशनाचा अधिकार दिला. त्याची किल्ली, म्हणजे ते खाते वापरण्याची गुप्त फाइल, या कामासाठी करारावर घेतलेल्या सल्लागाराने व्हॉट्सॲपवर पाठवली. कामाच्या घाईत झालेली ती गोष्ट होती, पण ती किल्ली त्याच दिवशी रद्द करून नवी काढली आणि पुढची सल्लागाराला समोर बसवून घेतली.

तरीही टोकन, म्हणजे क्लाउडमध्ये शिरण्याचा तात्पुरता परवाना, मिळेना. आपली सही बरोबर आहे, किल्ली बरोबर आहे, आणि समोरून येणारे उत्तर टोकन योग्य वेळेच्या चौकटीत नाही असे सांगते, या ठिकाणी आम्ही चार दिवस अडकून होतो. अशा टोकनवर ते कधी काढले आणि कधी संपेल या दोन्ही वेळा लिहिलेल्या असतात, आणि मुदत जास्तीत जास्त एक तासाची असते. आमच्या सर्व्हरचे घड्याळ सात मिनिटे पुढे होते, म्हणजे आम्ही भविष्यात काढलेले टोकन पाठवत होतो. चलनावरची वेळ गेटच्या रजिस्टरपेक्षा पुढची येते, असे डिस्पॅचचे काका वर्षभर सांगत होते आणि ती तक्रार मी कधी गांभीर्याने घेतली नव्हती. घड्याळ मागे घेताना सॅप चालू ठेवू नये, कारण त्याच वेळेचे शिक्के दोनदा पडतात; म्हणून ११ ऑगस्टला, रविवारी, सॅप पूर्ण बंद करून वेळ दुरुस्त केली आणि वेळ जुळवणारी बंद पडलेली सेवा पुन्हा चालू केली. दुसऱ्या दिवशी पहिला संदेश टॉपिकवर पोहोचला. त्यात मी फक्त 'नमस्कार' लिहिले होते. तो पाहून मला झालेला आनंद मोठा होता, हे लिहायला हरकत नाही.

यानंतर जे काम आले ते मला संपूर्ण प्रवासात सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि त्यात संगणकाचा भाग थोडाच होता. इव्हेंट म्हणजे घडून गेलेली गोष्ट. 'माल पाठवा' ही आज्ञा झाली आणि 'माल निघाला' ही घटना झाली. आपण संदेशाला देतो ते नाव भूतकाळात वाचता येत नसेल तर ते पुन्हा तपासावे. मी सॅपमध्ये पीजीआय, म्हणजे माल साठ्यातून वजा होण्याची नोंद, पडली की 'माल निघाला' असा संदेश ठेवला होता. मसुदा घेऊन डिस्पॅचमध्ये गेले तेव्हा काका म्हणाले, "मॅडम, आमी पीजीआय रातीच मारून ठेवतो, गाडी सकाळच्याला सुटती. गेटातनं भाईर पडल्याबिगर माल निघाला असं लिवू नगासा." रात्री दहाला नोंद झालेला माल सकाळी सातला हलणार असेल, तर कागलच्या आवक विभागाने रात्रभर कोणाची वाट पाहायची? त्या एका वाक्याने माझी तीन आठवड्यांची मांडणी बदलली. एका संदेशाचे तीन झाले: जावक नोंदली गेली, गाडी गेटबाहेर पडली, आणि जावक रद्द झाली. दुसरा संदेश सॅपच्या मूळ डिलिव्हरीतून येत नाही; काट्यावर वजन होऊन गेटपासवर शिक्का पडतो, त्या आमच्या स्वतःच्या झेड व्यवहारातून तो येतो (सॅपमध्ये आपण स्वतः बनवलेल्या गोष्टींची नावे सहसा झेडने सुरू होतात). ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी मसुदा लिहिण्याआधी काटा, गेट आणि आवक या तिन्ही जागी एकेक पाळी उभे राहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

संदेश कुठून सोडायचा यातही माझी चूक झाली. डिलिव्हरी जतन होतानाच्या बॅडीमध्ये, म्हणजे सॅपने आपला प्रोग्राम जोडण्यासाठी ठेवलेल्या जागी, मी थेट क्लाउडला हाक घातली. चाचणी यंत्रणेत सर्व सुरळीत चालले. ऑगस्टअखेरीस एका संध्याकाळी इंटरनेट मंदावले तेव्हा मात्र जतन करण्याचे बटण दाबल्यावर पडदा तीस-तीस सेकंद अडकू लागला. हे प्रत्यक्ष कामकाजात झाले असते तर बाहेरच्या जोडणीसाठी गाड्या थांबल्या असत्या. त्याहून गंभीर बाब अशी, की संदेश निघून गेल्यावर सॅपमधील नोंद काही कारणाने मागे फिरली, तर न घडलेली गोष्ट कागलला घडली म्हणून सांगितली जाते. गणेशोत्सवानंतर, २३ सप्टेंबरपासून, मांडणी बदलली. आता डिलिव्हरी जतन होते त्याच व्यवहारात आमच्या एका झेड तक्त्यात एक ओळ लिहिली जाते. दोन्ही एकत्र टिकतात किंवा दोन्ही एकत्र रद्द होतात. सॅपच्या एसएम३७ या पडद्यावर दिसणारे पार्श्वभूमीचे काम दर मिनिटाला त्या तक्त्यातील न पाठवलेल्या ओळी उचलते, पब/सबला देते आणि मिळालेला संदेश क्रमांक त्याच ओळीवर नोंदवते. यात जास्तीत जास्त एक मिनिटाचा उशीर होतो. पाऊण तासाच्या रस्त्यापुढे तो काहीच नाही.

या मांडणीला एक किंमत आहे आणि ती आधीच मान्य करावी लागते: एखादा संदेश दोनदा जाऊ शकतो. पाठवल्यानंतर आणि ओळीवर खूण होण्याआधी काम बंद पडले, तर पुढच्या मिनिटाला तीच ओळ पुन्हा जाते. पब/सबही मुळात संदेश किमान एकदा पोहोचवण्याची हमी देते. चाचणीत असेच घडले आणि कागलच्या प्रणालीत २४० नगांची आवक ४८० झाली. 'नेमके एकदाच' हा पर्याय पब/सबमध्ये उपलब्ध आहे. पण आपणच दोनदा प्रकाशित केलेल्या गोष्टीला दोन वेगळे संदेश क्रमांक मिळतात, त्यामुळे तो पर्याय इथे उपयोगी पडत नाही. उपाय घेणाऱ्या बाजूला करावा लागला. संदेशाचा मसुदा आम्ही क्लाउडइव्हेंट्स या खुल्या प्रमाणानुसार ठेवला होता. त्यातील आयडीमध्ये डिलिव्हरी क्रमांक, घटनेचा प्रकार आणि आवृत्ती आम्ही घालतो, आणि कागलचा प्रोग्राम आधी तो आयडी एका तक्त्यात लिहितो. तोच आयडी तिथे आधीपासून असेल तर संदेश शांतपणे पोच देऊन सोडून दिला जातो.

पोच देण्याचीही मुदत असते. ती मुळात १० सेकंदांची असते. कागलच्या जुन्या डेटाबेसमध्ये मोठ्या चलनाची नोंद व्हायला त्याहून जास्त वेळ लागत असे, आणि तेवढ्यात तोच संदेश पुन्हा समोर येई. आम्ही ती ६० सेकंद केली.

३ ऑक्टोबरला नवरात्र सुरू झाले आणि दिवाळीपर्यंत डिस्पॅचवर इतका ताण होता, की चाचणी थांबवण्याचा निर्णय मीच घेतला. १८ नोव्हेंबरला पुन्हा बसलो तेव्हा चाचणीचे सबस्क्रिप्शन जागेवर नव्हते. कोणी काढून टाकले असेल म्हणून दोन दिवस विचारपूस केली. सबस्क्रिप्शनवर ३१ दिवस काहीही हालचाल झाली नाही तर ते मुळातल्या मांडणीनुसार आपोआप संपते, हे नंतर समजले. 'कधीही संपू नये' हा पर्याय तयार करतानाच निवडावा, विशेषतः ज्यांच्याकडे हंगामी काम असते त्यांनी.

डिसेंबरमध्ये बिघडलेल्या संदेशांची व्यवस्था लावली. पाच प्रयत्नांनंतरही न पचलेला संदेश बाजूच्या टॉपिकवर जावा अशी सोय असते आणि ती आम्ही लावली होती. त्या बाजूच्या टॉपिकला स्वतःचे सबस्क्रिप्शन द्यायचे मात्र मी विसरले, आणि ज्या टॉपिकला ऐकणारे कोणी नाही त्यावर आलेला संदेश हाती लागत नाही. चाचणीतले तीन संदेश असे गेले. सॅपमधल्या झेड तक्त्यात मूळ ओळी असल्यामुळे ते पुन्हा पाठवता आले. त्या ओळी आम्ही ९० दिवस ठेवतो. पब/सबच्या स्वतःच्या सेवाखात्याला बाजूच्या टॉपिकवर प्रकाशनाचा आणि मूळ सबस्क्रिप्शनवर ग्राहकाचा, असे दोन्ही अधिकार द्यावे लागतात, हेही तपासून घ्यावे.

त्याच महिन्यात दोन लहान गोष्टी सापडल्या. सॅपमधील डिलिव्हरी क्रमांकापुढे शून्ये असतात. कागलच्या प्रोग्रामने त्याला संख्या मानले, शून्ये गळाली आणि जुळणी होईना. असे क्रमांक दोन्हीकडे अक्षरे म्हणूनच हाताळावेत. दुसरी गोष्ट मापाच्या एककाची. पडद्यावर नगांसाठी जे एकक दिसते ते सॅपमध्ये आत 'एसटी' म्हणून साठवलेले असते, आणि आम्ही आतलेच मूल्य पाठवत होतो. "ताई, हा माल एसटीनं येणार हाय का?" असा फोन कागलहून आला, तेव्हा त्या कारकुनाचे म्हणणे अगदी योग्य होते, वाचणाऱ्याला त्याच्या ओळखीचा शब्द मिळायला हवा. पाठवण्याआधी एककाचे रूपांतर करणारी एक ओळ वाढवली.

६ जानेवारी २०२५ पासून नवी जोडणी प्रत्यक्ष कामात आली. जुनी फाइल बंद केली नाही. रोज रात्री दोन्हींची संख्या जुळवून त्यावर डिस्पॅच आणि आवक अशा दोन्ही विभागांच्या सह्या घेतल्या. ३१ जानेवारीच्या महिनाअखेरीची मला धास्ती होती, पण तो दिवस नीट पार पडला. अडचण आली ती १ मार्चला. सकाळपासून कागलला एकही संदेश गेला नव्हता आणि आम्हाला ते कळले नव्हते. पावणेअकराला आवक विभागाचा फोन आला तेव्हा कळले. दर मिनिटाचे काम सल्लागाराच्या युजरनावाने लावलेले होते, २८ फेब्रुवारीला करार संपताच नियमाप्रमाणे ते नाव बंद झाले आणि त्याबरोबर कामही थांबले. एकही ओळ हरवली नाही, कारण सर्व ओळी तक्त्यात वाट पाहत होत्या. आता ते काम सिस्टीम प्रकारच्या स्वतंत्र युजरने चालते, आणि तक्त्यातील कोणतीही ओळ १० मिनिटांहून जास्त पडून राहिली तर आमच्या दोघांच्याही फोनवर सूचना येते. ही सूचना पहिल्या दिवसापासून हवी होती.

खर्च विचारला जातो, म्हणून सांगते. सल्लागाराचे शुल्क ३,४०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, दुसरी इंटरनेट जोडणी महिन्याला १,८०० रुपये, आणि क्लाउडचे बिल महिन्याला सुमारे २,९०० रुपये. त्या बिलात पब/सबचा वाटा शून्य आहे; महिन्याला पहिले १० जिबीबाइट विनामूल्य असतात आणि आमचे दिवसाचे चारशेच्या आसपास छोटे संदेश त्याच्या जवळपासही जात नाहीत. खर्च होतो तो संदेश घेणारा प्रोग्राम आणि त्याचा डेटाबेस यांवर. आमच्या दोघांच्या संध्याकाळी यात धरलेल्या नाहीत.

३० एप्रिलला दोन तासांची फाइल बंद करण्याच्या अर्जावर शेवटची सही झाली. त्या दुपारी मी कागलच्या आवक विभागात थांबले होते. शिरोलीच्या गेटवर शिक्का पडला, मिनिटाभरात समोरच्या पडद्यावर गाडीचा क्रमांक, हीट आणि १८० नग अशी ओळ आली, आणि कारकुनाने त्या हीटसाठी मांडणीतली जागा मोकळी करायला माणूस पाठवला. गाडी यायला अजून अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ होता. वही त्याने टेबलावरून हलवलेली नाही. ती अजून काही महिने राहू द्या, असे मीच त्याला सांगितले आहे.